अग्रिप्पा फेकित

रोममध्ये मी पहिलं लॅटिन वाचलं ते चेंबरच्या झाकणावर. रात्रभर विमानात झोप नाही, आणि तेर्मिनी स्टेशनापासून हॉस्टेलपर्यंत काळ्या दगडांच्या फरसबंदीवरून बॅग ओढताना तिचं एक चाक निखळलं. ते उचलायला वाकले तर पायाशी लोखंडी झाकण आणि त्यावर ठळक चार अक्षरं : एस, पी, क्यू, आर. मला वाटलं, ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं नाव असणार. मी कोल्हापूरची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या लहानपणापासून बघितलेल्या. झाकणावर कुणाचं नाव असतं हे मला कुणी शिकवायला नको.

"कारखाना नाही गं," मागून येणारे सर म्हणाले. "हे इथलं पु.म.न.पा. आहे."

सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस. रोमची सिनेट आणि रोमची जनता. नंतरच्या आठ दिवसांत ही चार अक्षरं कचऱ्याच्या डब्यांवर दिसली, नळांवर दिसली, आणि सम्राट तितुसाच्या कमानीवर तर पूर्ण लांबीत, एकेक शब्द सुटा करून कोरलेली दिसली. एकेकाळी सम्राटांच्या नावानं कमानी उभारणारी ही सही आता ड्रेनेज सांभाळते, हे मला फार आवडलं. निखळलेलं चाक मात्र बसलं नाही ते नाहीच. पुढचा सगळा इटली मी ती बॅग लंगडत ओढत केला.

आम्ही पुण्याच्या एका आर्किटेक्चर कॉलेजची चौथ्या वर्षाची बॅच. सोबत दोन शिक्षक, त्यातले हिस्टरीचे सर लॅटिनचे हौशी. हौशी म्हणजे स्वतःच पुस्तकं आणून, रात्री जागून शिकलेले. वर्गात त्याचा काही उपयोग होत नसे. त्यामुळे इथं एकेका दगडासमोर उभे राहिले की ते असे खुलायचे, की पुढचा चौक, पुढचं चर्च, दुपारचं जेवण सगळं मागे पडायचं. आम्ही कुरकुरायचो. आज वाटतं, तेवढं एकच नीट बघून आलो.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळासमोर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. सोळा खांब, त्यावर तो भलाथोरला त्रिकोण, आणि त्रिकोणाखालच्या पट्टीत एका ओळीत ब्राँझची अक्षरं. आमच्यातल्या एकानं मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली, "मॅग्रिप्पाल्फ्कोस..." आणि तिथंच अडकला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नाही, फक्त अर्ध्या उंचीवर एकेक ठिपका. 'उ'साठी वेगळं अक्षर नाही, तिथं 'व्ही'च. सरांनी सोडवून दाखवलं : मार्कुस अग्रिप्पा, लुकिउसचा मुलगा, तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी, यानं केलं. "मार्कुस अग्रिप्पा लुकी फिलिउस कोन्सुल तेर्तिउम फेकित."

"फेकित?" मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे अग्रिप्पा फेकतोय?"

हशा पिकला. चर्चमधलं लॅटिन त्याला 'फेचित' म्हणतं, पण जुन्या रोमन उच्चारात तो 'क'च. सरही हसले, आणि मग जे सांगितलं त्यानं हशा दुप्पट झाला. ही इमारत अग्रिप्पानं केलेलीच नाही. त्याचं तिसरं कॉन्सलपद इसवी सनपूर्व २७ मधलं. त्यानं इथं देऊळ बांधलं हे खरं, पण ते सन ८० मध्ये जळालं, नव्यानं बांधलं तेही ११० मध्ये वीज पडून जळालं. आज उभी आहे ती इमारत हेड्रियन सम्राटाच्या काळातली, साधारण १२५ च्या आसपास पुरी झालेली. हेड्रियननं स्वतःचं नाव न घालता दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव दर्शनी भागावर घातलं. म्हणजे फेकलं ते असं उलट्या बाजूनं. पुढची कित्येक शतकं जगानं ओळ वाचून हीच अग्रिप्पाची इमारत मानली.

मग कळलं कसं? विटांमुळे. भाजण्याआधी रोमन विटांवर शिक्का मारत. कोणाच्या मातीची, कोणत्या भट्टीची, आणि पुष्कळदा त्या वर्षीचे कॉन्सल कोण, ज्यावरून साल निघतं. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टनं पँथिऑनच्या भिंतीच्या पोटातले शिक्के तपासले आणि ते निघाले हेड्रियनच्या काळातले. आपल्याकडेही विटेच्या खाचेत भट्टीवाल्याची दोन अक्षरं असतात. प्लास्टर झालं की कुणाला दिसत नाहीत. दर्शनी पट्टीवर एक नाव, आणि पोटातली वीट दुसरंच काही सांगतेय. साइटवर चार दिवस काढलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही.

त्या मोठ्या ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी आहेत. खालून धड दिसतही नाहीत. सन २०२ मध्ये सेप्टिमिउस सेवेरुस आणि त्याचा मुलगा काराकाला यांनी 'जुनाटपणानं खराब झालेलं पँथिऑन सगळ्या साजासह दुरुस्त केलं', असं त्यात लिहिलंय. इमारत उभी करणारा नाव घालत नाही, डागडुजी करणारे सगळ्या पदव्यांसकट घालतात. यावर आमच्या बॅचनं ज्या काय कॉमेंट्स केल्या त्या इथं देत नाही.

'तेर्तिउम'ची एक गोष्ट सरांनी तिथंच पायऱ्यांवर बसून सांगितली. आउलुस गेल्लिउस नावाच्या रोमन लेखकानं ती नोंदवून ठेवलीय. पाँपे या सेनापतीला आपल्या देवळावर 'तिसऱ्यांदा कॉन्सल' असं कोरायचं होतं. आता 'तेर्तिउम' लिहायचं की 'तेर्तिओ'? शहरातल्या विद्वानांना विचारलं तर निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे. शेवटी सिसेरो या नामांकित वक्त्याकडे प्रश्न गेला. सिसेरो पडला हुशार. कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यानं सल्ला दिला : नुसतं 'तेर्त' लिहा, पुढं टिंब. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींना हा तोडगा का सुचला नसेल?

तेर्तिउम म्हणजे तृतीयम्, हे माझ्या डोक्यात तिथंच टिंग करून वाजलं. दहावीला मी संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी. भरपूर पडले आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळं विसरले, असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी तितुसाच्या कमानीखाली सर 'दिवो तितो दिवी वेस्पासियानी' असं वाचत होते आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चतुर्थी, चतुर्थी, षष्ठी, षष्ठी." दिवो म्हणजे देवाला. दिवी म्हणजे देवाचा. देव झालेल्या वेस्पासियनच्या मुलाला, देव झालेल्या तितुसाला ही कमान. 'दिवुस' आणि 'देव' हे एकाच घरातले शब्द. विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं जाहीरपणे मांडलं, हे मी कधीतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि परक्या देशात, पायाला फोड आलेले असताना, दगडावरची विभक्ती आपल्याला ओळख दाखवतेय हे वेगळं. लग्नात गर्दीत कुणीतरी अनोळखी बाई येऊन 'तू अमकीची ना?' म्हणते, तसं.

अर्थात ओळख दाखवली म्हणजे भाषा आली असं नाही. त्याच उत्साहात मी पुढच्या एका दगडावरच्या ओळी लावायला गेले आणि तोंडघशी पडले. सरांनी 'होतं असं' म्हणून पाण्याची बाटली पुढे केली.

पँथिऑनसमोरच्या पायऱ्यांवर माझ्या मैत्रिणीनं मात्र नेमका प्रश्न विचारला होता. "सर, 'यानं केलं' कसं म्हणतात? त्यानं थोडीच दगड उचलले? करून घेतलं म्हणायला पाहिजे ना?"

सर थबकले. आणि मला एकदम श्रवणबेळगोळ आठवलं. दुसऱ्या वर्षाच्या टूरला आम्ही तिथं गेलो होतो. डोंगरावर अठ्ठावन्न फुटी गोमटेश्वर, आणि त्याच्या पायांच्या दोन बाजूंना कोरलेले छोटे लेख. त्यातला नागरीतला मराठी लेख आम्ही सगळ्यांनी फोनमध्ये टिपलेला. 'श्रीचावुण्डराजें करवियलें. श्रीगंगराजें सुत्तालें करवियलें.' मूर्ती चावुंडरायानं, भोवतीचा परकोट गंगराजानं. दोन वाक्यं, आणि दोन्हीत तेच क्रियापद : करवियलें. केलें नव्हे. शेजारी तीच गोष्ट कन्नडमध्येही आहे, तमिळमध्येही. कन्नडमधलं 'माडिसिदं' म्हणजेही 'करवलं'च, आणि तमिळमध्येही तसंच. तीन भाषांत या बड्या लोकांना हे मान्य होतं, की छिन्नी आपल्या हातात नव्हती.

लॅटिनमध्ये तसं म्हणायची सोय नाही असं नाही, काही लेखांत 'करवून घेतलं' येतं, असं सर म्हणाले. पण मोठ्या माणसांना ते लांबलचक वाटत असावं. फेकित, पाच अक्षरं, संपलं.

तिथून पुढं आमच्या बॅचला छंदच लागला. कुठलाही दगड दिसला की 'फेकित' शोधायचं आणि ओरडायचं. फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, सेप्टिमिउस सेवेरुसच्या कमानीसमोर सरांनी आम्हाला गप्प करून वर बघायला लावलं. कमान सन २०३ ची. वरच्या लेखात सम्राट, त्याचा थोरला मुलगा काराकाला आणि धाकटा गेता अशा तिघांचा गौरव होता. बाप वारल्यावर २११ च्या शेवटी काराकालानं गेताला मारलं आणि हुकूम सोडला : साम्राज्यात जिथं जिथं त्याचं नाव आहे तिथून ते खरवडून काढा. कमानीवर चौथ्या ओळीत गेताचं नाव होतं. ती जागा तासली आणि तिथं 'सर्वोत्तम आणि महापराक्रमी सम्राटांना' असली भरतीची विशेषणं बसवली. पण ब्राँझची अक्षरं बसवायला दगडात भोकं पाडावी लागतात. पुढं ब्राँझ कुणीतरी वितळवून नेलं, नव्या अक्षरांच्या खाचा उरल्या, आणि त्या खाचांत न बसणारी जुनी भोकंही उरली. त्या भोकांवरून अभ्यासकांनी गेताचं नाव पुन्हा वाचलं.

कोनशिलेवरच्या नावावर रात्रीत सिमेंट फासलेलं मी आमच्या वॉर्डात बघितलंय. पावसाळ्यानंतर ते सिमेंट जरा बसतं आणि खालची अक्षरं पोक आल्यासारखी वर दिसायला लागतात. म्हणून असेल, त्या चौथ्या ओळीकडे बघताना मला काही फार प्राचीन वगैरे वाटलं नाही.

फेकितचा खेळ संपला तो म्युझियममध्ये.

तेर्मिनीच्या समोर, डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या जागेत, नुसत्या शिलालेखांचं दालन आहे. पावसाची सर आली म्हणून आत शिरलो, नाहीतर कुणी गेलं नसतं. रांगेनं थडग्यांचे दगड. बहुतेकांच्या माथ्यावर डी आणि एम. एकानं मान डोलावली, "एवढे सुपरस्पेशालिस्ट!" सरांनी सांगितलं, दीस मानिबुस, पितरांना. पुन्हा चतुर्थी. खाली नाव, मग 'विक्सित', म्हणजे जगला किंवा जगली, आणि मग वर्षं. म्हाताऱ्यांच्या दगडावर वर्षं मोघम आणि गोल, साठ, सत्तर. पोर जितकं लहान तितका हिशेब बारीक. वर्षं, महिने, दिवस, कधी कधी तासही. कुणाच्या घरात कोण इतके दिवस मोजत होतं हे दगड सांगत नाही, पण शेवटच्या ओळीत सांगतो. 'मातेर फेकित.' आईनं केलं.

कुणीच ओरडलं नाही. बाहेर पाऊस लागला होता. तेच क्रियापद, तीच पाच अक्षरं, नवऱ्यानं बायकोला, बायकोनं नवऱ्याला, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसानं सोबत सुटलेल्या दुसऱ्याला. या लोकांनीही स्वतः छिन्नी धरली नसणारच, पाथरवटाला पैसे देऊन करवूनच घेतलं असणार. तरी इथं 'केलं' खटकलं नाही. का खटकलं नाही, यावर मी आणि मैत्रीण त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून शेवटचे खाकरे संपवेपर्यंत वाद घालत होतो. निकाल लागला नाही.

सरांना वातावरण हलकं करायचं असावं. बाहेर पडताना त्यांनी रोममधल्याच एका थडग्यावरचा मजकूर सांगितला, की जो कुणी इथं लघवी करेल किंवा हागेल, त्याच्यावर वरचे आणि खालचे सगळे देव कोपोत. आमच्याकडच्या भिंतीवर यासाठी देवांच्या टाइल्स लावतात, आणि जुन्या काळी जमिनीचं दान मोडणाऱ्यासाठी गधेगाळ कोरायचे, गाढव आणि शिवीसकट. देव कोपण्यापेक्षा ती शिवीच जास्त लागू पडत असेल असं माझं मत.

शेवटच्या आदल्या दिवशी पोर्ता माज्जोरेपाशी ट्राम बदलायची होती. तिथं जलवाहिनीच्या कमानीला खेटून एक विचित्र दगडी ठोकळा उभा आहे, अंगभर मोठमोठी गोल भोकं असलेला. तो एउरिसाकेस नावाच्या बेकरच्या थडग्याचा. पुढच्या काळात बांधलेल्या वेशीच्या बुरुजात तो गडप झाला होता, १८३८ मध्ये बुरूज पाडल्यावर बाहेर आला. वरच्या पट्टीत बेकरीचं सगळं काम कोरलंय : गाढवं जातं ओढतायत, कणीक मळली जातेय, टेबलाशी पाव वळतायत, भट्टीत घालतायत, शेवटी वजन. आणि लेख काय म्हणतो? हे स्मारक मार्कुस वेर्गिलिउस एउरिसाकेस याचं, बेकर, कंत्राटदार, 'अप्पारेत'. या शेवटच्या शब्दावर वाद आहे. काही म्हणतात तो त्याच्या सरकारी हुद्द्याचा भाग, काही म्हणतात त्याचा सरळ अर्थ 'दिसतंयच की!' मी दुसऱ्या गटात. पैसा कमावलेल्या कोल्हापुरी माणसानं बंगल्यावर कोरून घ्यावं असंच ते आहे. सगळ्या रोममध्ये कामाचा घाम दाखवणारं मला भेटलेलं हे पहिलं थडगं. ट्राम सुटली ती सुटलीच.

सम्राट त्राजानच्या स्तंभाबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय. सन ११३ चा हा स्तंभ, त्यावर वर चढत गेलेली युद्धाची चित्रपट्टी. सगळे ती बघतात. सरांनी आम्हाला खाली, चौथऱ्याच्या दारावरची पाटी बघायला लावली. सहा ओळी. मजकूर असा की सिनेट आणि जनतेनं हे त्राजानला अर्पण केलं, केवढ्या उंचीची टेकडी इथून खणून हटवली ते कळावं म्हणून. शेवटच्या ओळीत पुढं कधीतरी छप्पर टेकवायला खाच पाडलीय, त्यात काही अक्षरं गेली. पण उरलेली अक्षरं म्हणजे रोमन लिपीचं सोनं. १९८९ मध्ये कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी त्यावरून त्राजान नावाचा फाँट केला. सिनेमाच्या पोस्टरवर रुंद, गंभीर, सगळी मोठीच अक्षरं दिसली की बहुतेक वेळा तो असतो.

अक्षरं इतकी सुंदर का, हे कोडं सोडवलं एडवर्ड कॅटिच यांनी. हे धर्मगुरू, पण तरुणपणी शिकागोत बोर्ड रंगवायचे. त्यांचं म्हणणं असं की छिन्नी लागण्याआधी ही अक्षरं दगडावर चपट्या ब्रशनं रंगवली गेली. जाड-बारीक रेघ, टोकाचे ते पाय, सगळं ब्रशच्या वळण्यातून आलंय. कोरणाऱ्यानं फक्त रंगाचा माग काढला. १९६८ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं.

हे ऐकताना मी कठड्याला टेकून फोनचा झूम ताणत होते, कारण मला फोटो एका माणसाला दाखवायचा होता.

माझे मामा बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी, तालमीचे फलक. खडूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते, ती टिचकी मारायचा मान सुट्टीत माझा असायचा. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. आता गणपतीत मंडळाचं काही असेल तेवढंच. पण त्यांनी रंगवलेली पाटी मी गावात लांबून ओळखते, आणि जवळ गेलं की उजव्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी त्यांची सही सापडतेच.

परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोन डोळ्यांपाशी नेला.

"ह्यो चपट्या ब्रशचा हात हाय," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. मग 'आर'च्या शेपटीवर बोट ठेवलं. "ही बघ, एका दमात वढलीया. मधी थांबला असता तर गाठ आली असती."

मी कॅटिचचं सांगितलं. मामांनी 'असंल' म्हणून मान हलवली. बोर्ड रंगवणाऱ्याला हे कळलं यात त्यांना नवल काहीच वाटलं नाही.

"खाली अक्षरं बारीक का केल्यात?"

खरंच, वरच्या ओळींपेक्षा खालच्या ओळींची अक्षरं जराशी लहान आहेत. सरांनी सांगितलेलं कारण मी सांगितलं : खाली उभं राहून बघणाऱ्याला वरच्या ओळी लांब पडतात, लहान दिसतात. म्हणून त्या मुद्दाम मोठ्या केल्या, म्हणजे सगळं सारखं दिसावं.

मामा हसले. "गिऱ्हाइकाला तसंच सांगायचं असतंय."

"मग?"

"जागा पुरंना झाली. मजकूर देणारा शेवटी दोन शब्द वाढवतोय बघ, कुठलाबी असू दे."

मग त्यांनी फोटो बोटांनी आणखी मोठा केला. उजवीकडे सरकवला, खाली नेला, त्या तुटक्या खाचेच्या कडेकडेनं सावकाश फिरवत राहिले. चहा आला, तरी फोन खाली ठेवेनात.

"काय शोधताय मामा?"

"पेंटरचं नाव कुठं टाकलंय ते बघतोय."